खपली

लुओ चाओशिऊ यांचं शेत मोजायला टेप लागत नाही.
ग्वेइझोऊच्या या उतारावर
खडकांच्या दातांत अडकलेली माती,
कुठे सुपाएवढी, कुठे पाटाएवढी,
एका खोबणीत तर मक्याची तीनच ताटं.
"एक तुकडा मी दर वर्षी विसरते," त्या म्हणाल्या,
"आणि भोपळा नेमका तिथेच येतो."

मी ग्वेयांगच्या प्रयोगशाळेतून आलेली,
कमरेला ॲसिडची बाटली, पाठीवर रिकाम्या पिशव्या.
थेंब टाकला की चुनखडी फसफसते.
वीतभर वर, मातीवर टाकला
तर गप्प.
खाली पांढरं, वर तांबडं,
मधे ना पायरी, ना उंबरा.

हातभर माती व्हायला केवढा डोंगर विरावा लागतो
ते मी त्यांना बोटांनी दाखवत होते, बोटं पुरेनात.
पाऊस झिरपतो, चुना विरघळतो,
न सांगता, न सवरता पाण्याबरोबर निघून जातो
भेगांतून, गुहांतून, खालच्या झऱ्याकडे.
मागे उरते चिमूटभर चिकणमाती, लोखंडाचा गंज,
मँगनीजचे मोहरीएवढे काळे दाणे,
आणि त्यांच्या अंगाला बिलगून
जस्त, आर्सेनिक, कॅडमियम.
खडकात ते नावापुरतंच होतं.
कुणी आणून टाकलेलं नाही, ना गिरणीनं, ना खाणीनं.
बाकीचं गेलं, म्हणून हे वाढलं.

त्या शेंगा सोलत होत्या.
"गावात आम्ही म्हातारे आठ.
आठ म्हणजे काही फार नाहीत.
पण आता बघावं तिकडे आम्हीच."

उरलेलं तरी कुठे स्वस्थ बसतं?
खतानं माती आंबते,
लोखंडाची मिठी सैल होते,
कॅडमियम सुटतं, ओलीबरोबर खाली सरकतं,
खडकाजवळ, जिथे चुना अजून जिवंत आहे,
तिथे पुन्हा थबकतं.
कधी त्याआधीच त्याला मूळ गाठतं.
मग पान. मग वाटी.
हे मी त्यांना सांगितलं नाही त्या दिवशी.
त्यांनी मला त्याच वाटीत भाजी वाढली होती.

महिन्याभरानं एकोणीस नंबरचा नमुना
हिशोबात बसेना.
मातीत कॅडमियम सगळ्यांत जास्त,
भाजीत जेमतेम.
दोनदा तपासलं. मशीन धुतलं. तिसऱ्यांदा तपासलं.
मग बस पकडून परत गेले.

एकोणीस म्हणजे चुलीमागचा तुकडा, परातीएवढा.
"इथे काय टाकता?"
"काही नाही. काय टाकणार?"
त्यांनी चहाला किटली घेतली,
आधी दारात जाऊन दगडावर आपटली, दोनदा,
सवयीनं, तोंड माझ्याकडेच ठेवून.
आतली पांढरी खपली
सुटून पडली मोहरीच्या रोपांत.
मागोमाग चुलीतली राख.

"कधीपासून?"
"सून म्हणून आले तेव्हापासून. सासूही तिथेच झाडायची."

मी किटलीत डोकावले.
डोंगरातून निघून गेलेला चुना
झऱ्यातून, हंड्यातून, उकळीतून
तिथे परत येऊन बसला होता,
आणि रोज थोडा थोडा, आपटून आपटून,
घरी पोचवला जात होता.
मी ॲसिडचा थेंब टाकला.
परातभर माती फसफसली.

अहवालात याला रकाना नव्हता.
"इतर" खाली एक ओळ लिहिली, सरांनी ती खोडली.

मी आठव्या मजल्यावर राहते.
काल माझी किटली चमच्यानं खरवडली,
चिमूटभर निघाली.
टाकायला माती कुठे?
नमुन्याच्या पिशवीत भरून ठेवली आहे.
नंबर अजून घातलेला नाही.